पडद्याआडून पाहणारं गाव

इंग्लंडमध्ये नोकरीला लागून चार-सहा वर्षं झाली, पोरं शाळेत जायला लागली, की मराठी घरांत एक विषय हमखास निघतो: शहरातला फ्लॅट आता पुरे, जरा बाहेर, गावाकडे घर बघू. इस्टेट एजंटांच्या जाहिरातींत ही गावं देखणीच दिसतात. दगडी भिंती, दारावर चढवलेला गुलाब, चर्चचा मनोरा, एक पब, एक तळं आणि तळ्यात बदकं. शनिवारी घर पाहून यायचं, आणि रात्री पोरं झोपली की दोघांपैकी एकानं पोलिसांचा नकाशा उघडायचा. इंग्लंड-वेल्समध्ये २०११पासून कुणालाही पोस्टकोड टाकून आपल्या भागात महिन्याभरात काय-काय घडलं ते नकाशावर पाहता येतं. गाव चारशे वस्तीचं, आणि ठिपके दिसतात तीन. त्यातला एक नेमका त्याच गल्लीवर. मग पुण्याला आईला फोन जातो, "अगं, बघू अजून, घाई नाही."

आता त्या ठिपक्याचं असं आहे, की गुन्हा जिथे घडला तिथे तो नसतोच. पीडिताचं घर ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक घटना जवळच्या एका ठरलेल्या बिंदूवर नेऊन ठेवतात. वस्तीतला असा बिंदू ठरवताना त्याच्या वाट्याला किमान आठ टपाली पत्ते येतील हे पाहतात. शहरात आठ पत्ते एका जिन्यात मिळतात. गावात आठ पत्ते म्हणजे अख्खी गल्ली, तिच्या पाठीमागची शेतं आणि पलीकडची एकांडी घरंसुद्धा. चर्च लेनवर दिसणारी चोरी दोन शेतं सोडून असलेल्या कोठारातली असू शकते.

आकड्यांचंही तसंच. चारशे वस्तीत गेल्या वर्षी चार नोंदी आणि यंदा आठ झाल्या, तर कागदावर गुन्हेगारी दुप्पट. प्रत्यक्षात एखाद्या पोरानं एका रात्रीत चार मोटारींच्या काचा फोडलेल्या असतात. गावाच्या शिवेत तुरुंग असला, हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप असला, की तिथल्या मारामाऱ्या आणि बुडव्या गिऱ्हाइकांनी पैसे न देता पळवलेलं पेट्रोल गावाच्या माथी. 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' हे सर्वांत घाबरवणारं सदर उघडलं, तर त्यात अंगावर ओरखडाही न उमटलेली धक्काबुक्की असते, छळवणुकीचे मेसेज असतात. देशभराचं चित्र मात्र वर्षानुवर्षं तेच आहे: घरफोडी, वाहनचोरी, लूटमार यांचं दरडोई प्रमाण ग्रामीण इंग्लंडमध्ये शहरांपेक्षा कमी.

तेव्हा पुण्याच्या आईला खुशाल सांगावं, गाव सुरक्षित आहे. माझी उत्सुकता वेगळी आहे. ते सुरक्षित राहतं कशाच्या जोरावर? कुलपं जेमतेम, पोलीस ठाणं वीस मैलांवर. माझ्या मते गाव सुरक्षित राहतं ते एकमेकांकडे बघत राहिल्यानं. आणि त्या बघण्यात जे येतं त्यालाच तिथे गुन्हा म्हणतात, हे त्याच्या पाठोपाठ आलंच.

आधी चोरीला जातं काय, ते पाहू. शेतकऱ्यांचा विमा उतरवणारी एनएफयू म्युच्युअल ही कंपनी दरवर्षी ब्रिटनमधल्या ग्रामीण चोऱ्यांच्या नुकसानीचा अंदाज काढते. २०२३ साली तो पाच कोटी २८ लाख पौंड होता. २०२४ साली चार कोटी ४१ लाखांवर उतरला. यात २०२३ची गाजलेली गोष्ट ट्रॅक्टरच्या टपावरची. हल्लीच्या ट्रॅक्टरवर केबिनच्या माथ्याशी जीपीएसचा एक पांढरा-पिवळा घुमट बसवलेला असतो, पुढ्यात एक स्क्रीन. त्यांच्या जोरावर ट्रॅक्टर पेरणीची ओळ काही सेंटिमीटरांच्या अंतरात धरतो. पाना घेऊन आलेल्या माणसाला हे सगळं उचकटायला फारसा वेळ लागत नाही, आणि एका संचाची किंमत हजारो पौंड. त्या एका वर्षात या चोऱ्यांचं नुकसान ४२ लाख पौंडांवर गेलं, म्हणजे आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. टोळ्या संघटित, माल बऱ्याचदा देशाबाहेर रवाना. शेतकऱ्याचं दुःख पैशांचं कमी आणि हंगामाचं जास्त. विमा मिळतो, पण नवा संच येईपर्यंत वाफसा थांबत नाही. म्हणून आता संध्याकाळी शेतकरी ट्रॅक्टरवर चढतो, घुमट उतरवतो आणि बगलेत मारून घरात आणून ठेवतो. मेंढपाळांच्या चारचाकी क्वाड बाइकही अशाच जायच्या. त्यांच्यासाठी २०२३ साली संसदेनं वेगळा कायदा केला: नव्या क्वाडला चालू न होऊ देणारं यंत्र आणि ओळखीची खूण बसवण्याची सक्ती सरकारला नियम काढून करता यावी, अशी त्यात सोय आहे.

लिंकनशर, केंब्रिजशरच्या सपाट मुलखात कापणी उरकली, की दुसरीच मंडळी उतरतात. उघड्या शेतात ससा उठवायचा, त्यामागे शिकारी कुत्री सोडायची आणि कुणाचं कुत्रं सरस यावर पैजा लावायच्या. २००४च्या शिकारबंदी कायद्यानं हे बेकायदा आहे. तरी गाड्या रब्बीच्या कोवळ्या पिकातून घालतात, आणि शेतकऱ्यानं हटकलं तर त्यालाच दम देतात. लिंकनशर पोलीस यासाठी 'ऑपरेशन गॅलिलिओ' चालवतात. २०२२च्या कायद्यानं दंडाची कमाल मर्यादा काढली आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची सोय केली. चर्चच्या छपरावरचं शिसं ही आणखी एक जुनी दौलत. भंगारवाल्यांनी रोखीत खरेदी करायची नाही असा कायदा २०१३ साली आला, तरी तांबं-शिशाचे भाव चढले की छपरं उघडी पडतातच. पहिल्या पावसात ऑर्गन भिजतो, तेव्हा कुठे गावाला कळतं.

आणि काही चोऱ्या तर हजार वर्षं जुन्या मालाच्या. हेरफर्डशरमध्ये लेम्स्टरजवळ आय नावाचं गाव आहे. २०१५च्या जूनमध्ये दोघांनी तिथल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवून वायकिंग काळातला ठेवा काढला: सोन्याचे दागिने आणि सुमारे तीनशे नाणी, असा अंदाज आहे. सापडलेला ठेवा जाहीर करावा लागतो, जमीनमालकाला वाटा मिळतो. यांनी गुपचूप विकायला काढला. २०१९ साली एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं शिक्षा झाली; अपिलात ती कमी झाली. नाणी जेमतेम तीसच हाती लागली. ज्याच्या जमिनीत राजा आल्फ्रेडच्या काळचं धन होतं त्याला पत्ताच नव्हता. मग चोर तरी तो पाहून कसा ओळखणार होता?

पण गाव स्वतः गुन्हा कशाला म्हणतं ते पाहायचं, तर पॅरिश कौन्सिलचं इतिवृत्त चाळा. १८९४च्या कायद्यानं जन्मलेली ही इंग्लंडमधली सर्वांत खालच्या पायरीची पंचायत. तिच्या सभेत पोलिसांच्या अहवालाचं कलम असतं, पोलीस बहुधा नसतो, अहवाल ईमेलनं आलेला असतो. तो दोन मिनिटांत उरकतो. खरी चर्चा पेटते ती तीन विषयांवर: भरधाव गाड्या, कुत्र्यांची घाण आणि चर्चसमोर लावलेल्या मोटारी. शेताच्या वाटेवर कुणीतरी रातोरात टाकून गेलेली जुनी गादी आणि बांधकामाचा राडारोडा हा चौथा विषय, आणि तो फुकाचा नाही. इंग्लंडमधल्या स्थानिक संस्था वर्षाला अशा दहा लाखांहून अधिक घटना नोंदवतात, शिवाय खासगी जमिनीवर पडलेला कचरा ज्याचा त्यानं स्वखर्चानं उचलायचा.

भरधाव गाड्यांवर गावानं काढलेला उपाय पाहण्यासारखा असतो. निवृत्त मंडळींपैकी तिघं पिवळी जाकिटं चढवून वेशीवर उभी राहतात. एकाच्या हातात वेग मोजायचं यंत्र, दुसरा नंबर वाचतो, तिसरी व्यक्ती वहीत टिपते. यादी पोलिसांकडे जाते आणि गाडीवाल्याला समजुतीचं पत्र येतं. दंड नाही. पकडले जाणाऱ्यांत शेजारीपाजारीच निघतात हा अनुभव जागोजागचा आहे. मग पुढच्या रविवारी चर्चमध्ये एकमेकांना काय तोंड दाखवायचं ते ज्याचं त्यानं बघावं. मला विचाराल तर दंडापेक्षा हीच शिक्षा जबर.

हे काम पूर्वी एका पगारी माणसाकडे होतं. १८५६च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीला पोलीस दल ठेवणं सक्तीचं झालं आणि गावोगाव कॉन्स्टेबल आला. त्याला राहायला पोलिसांचं घर, फिरायला आधी पाय आणि मग सायकल. आपल्या पोलीस पाटलासारखाच त्याला सगळ्यांचा ठावठिकाणा माहीत; पण पाटील गावचाच असतो, हा बाहेरून नेमलेला, बदली होऊन जाणारा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला गस्तीची गाडी मिळाली, तो तालुक्याला राहायला गेला, आणि त्याची घरं विकली गेली. आजही 'ओल्ड पोलीस हाऊस' अशी पाटी लावलेली घरं चांगल्या किमतीला जातात. मग १९८२ साली चेशरमधल्या मोलिंग्टन या गावातल्या लोकांनी अमेरिकेत चालणारी एक युक्ती उचलली: आपणच आपल्या गल्लीवर लक्ष ठेवायचं. ब्रिटनमधली ती पहिली 'नेबरहुड वॉच'. शहरांसाठी पुढे प्रसिद्ध झालेली ही योजना निघाली एका खेड्यात, यात मला काही नवल वाटत नाही. तिथले लोक हे आधीपासून करतच होते, खांबावर पाटी तेवढी नवी लागली.

पण पडद्याआडून पाहणाऱ्या डोळ्यांना कोण चोर वाटतं? याचं उत्तर देणारं एक प्रकरण मुंबईशी जोडलेलं आहे, आणि मराठी वाचकाला ते माहीत असायला हवं.

स्टॅफर्डशरमधलं ग्रेट वर्ली हे तेव्हा कोळशाच्या खाणीचं गाव. तिथल्या सेंट मार्क्स चर्चचे व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, होते रेव्हरंड शापूरजी एदलजी: मूळचे मुंबईचे पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. बायको शार्लट इंग्रज. आधीचे व्हिकर तिच्याच नात्यातले, त्यांच्यामुळे ही जागा मिळाली. थोरला मुलगा जॉर्ज, जन्म १८७६. १८९२पासून तीन वर्षं या घरावर निनावी पत्रांचा मारा झाला. व्हिकरच्या नावानं वर्तमानपत्रांत खोट्या जाहिराती आल्या, न मागवलेला माल दारात येऊन पडू लागला. एक दिवस पायरीवर वॉल्सलच्या शाळेची किल्ली सापडली. जॉर्ज त्या शाळेत कधी शिकला नव्हता. तरी काउंटीचे पोलीसप्रमुख कॅप्टन अॅन्सन, हे लिचफिल्डच्या अर्लचे चिरंजीव, यांनी मनाशी पक्कं केलं की हे उद्योग त्या सोळा वर्षांच्या सावळ्या पोराचेच. स्वतःच्याच घराला छळणारा मुलगा! पण त्यांना ते पटलं होतं.

जॉर्ज वकील झाला. बर्मिंगहॅममध्ये कचेरी, रेल्वे प्रवाशांच्या हक्कांवर १९०१ साली लिहिलेलं एक छोटं पुस्तक; दारू नाही, तंबाखू नाही, संध्याकाळच्या गाडीनं घरी. १९०३च्या फेब्रुवारीपासून गावातली जनावरं रात्री कुणीतरी फाडू लागलं: घोडे, गायी, मेंढ्या. पुन्हा निनावी पत्रं, आणि त्यांत जॉर्जचं नाव. १७ ऑगस्टच्या पावसाळी रात्री खाणीच्या मैदानातलं एक पोनी फाडलेलं निघालं. सकाळी पोलीस व्हिकरेजवर, दुपारच्या आत जॉर्ज अटकेत. बाप सांगत होता, मी आणि मुलगा एकाच खोलीत झोपतो, दाराला आतून कुलूप असतं. त्या भागात रात्रभर पोलिसांची माणसं पाळतीवर होती, त्यांनाही तो बाहेर पडताना दिसला नव्हता. पण त्याच्या कोटावर घोड्याचे केस मिळाल्याचं पोलिसांच्या डॉक्टरनं सांगितलं. तो कोट आणि मेलेल्या पोनीच्या कातड्याचा तुकडा, दोन्ही त्या दिवशी पोलिसांच्याच ताब्यात होते. पत्रांचं अक्षर जॉर्जचं असल्याची साक्ष थॉमस गरिन या हस्ताक्षरतज्ज्ञानं दिली. हेच गृहस्थ अॅडॉल्फ बेक या दुसऱ्या निरपराध माणसाच्या खटल्यातही चुकले होते. ऑक्टोबरमध्ये शिक्षा झाली, सात वर्षं सक्तमजुरी. तो कोठडीत असतानाही जनावरं फाडली गेलीच. दहा हजार लोकांनी सह्यांचा अर्ज केला. तीन वर्षांनी, १९०६ साली, कारण न सांगता त्याला सोडलं. ना निर्दोष, ना वकिलीची सनद.

सुटल्यावर त्यानं शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांना लिहिलं. १९०७च्या जानेवारीत लंडनच्या एका हॉटेलात भेट ठरली. डॉयल उशिरा पोचले. दालनात एक सावळा माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता, कागद डोळ्यांना जवळजवळ टेकलेला आणि जरासा तिरका. डॉयल डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी तिथेच ओळखलं की या माणसाची नजर इतकी अधू आहे की अंधाऱ्या रात्री, चिखलातून, रेल्वेचे रूळ ओलांडून, जनावर शोधून फाडणं त्याला जमणारच नाही. मग त्यांनी 'डेली टेलिग्राफ'मध्ये प्रकरणाच्या चिंधड्या उडवणारे लेख लिहिले आणि हक्क राखून ठेवले नाहीत, म्हणजे कुणीही छापावेत.

सरकारनं तीन सदस्यांची समिती नेमली. त्यातले एक अॅन्सन यांचे चुलत नात्यातले. मे महिन्यात निकाल: जनावरांच्या आरोपातून माफी, पण पत्रं त्यानंच लिहिली असावीत, म्हणजे संकट त्यानंच ओढवून घेतलं, तेव्हा भरपाई नाही. न केलेल्या गुन्ह्याची माफी म्हणजे काय, हे त्या समितीलाच ठाऊक. बेक आणि एदलजी या दोन प्रकरणांच्या गदारोळातून त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन झालं. १९३४ साली शेजारच्या भागातल्या एका मजुराला धमकीच्या पत्रांबद्दल शिक्षा झाली, आणि १९०३ची काही पत्रंही आपलीच असल्याचं त्यानं कबूल केलं. जनावरं कुणी फाडली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. डॉयल यांनीही गावातल्या एका गोऱ्या तरुणावर बोट ठेवलं होतं, आणि त्याच्याविरुद्धचा त्यांचा पुरावा पोलिसांच्या पुराव्याइतकाच लंगडा होता. जॉर्ज १९५३ साली वारला. शापूरजी मात्र १९१८ साली मरेपर्यंत त्याच गावचे व्हिकर राहिले. दर रविवारी त्याच लोकांसमोर उभं राहून ते काय बोलत असतील, याचं मला कुतूहल आहे.

हे शंभर वर्षांपूर्वीचं, असं म्हणून सोडता येत नाही. 'मिडसमर मर्डर्स' ही खेड्यातल्या खुनांची मालिका १९९७पासून ब्रिटनमध्ये चवीनं पाहिली जाते. तिचे निर्माते ब्रायन ट्रू-मे यांनी २०११ साली मुलाखतीत सांगितलं की आपण अल्पसंख्याकांना मालिकेत घेत नाही, घेतले तर ते इंग्रज खेडं वाटणार नाही. गदारोळ झाला, ते पायउतार झाले. दर भागात दोन-तीन मुडदे पडत ते चालत होतं. व्हिकरेजमध्ये एदलजी असणं तेवढं अशक्य होतं.

नजर पुरी पडत नाही तेव्हा गाव काय करतं, त्याचं टोकाचं उदाहरण नॉरफोकमधल्या एम्नेथ हंगेटचं. टोनी मार्टिन हा एकटा राहणारा शेतकरी. आपल्याकडे वारंवार चोऱ्या होतात, पोलीस काही करत नाहीत, असं त्याचं म्हणणं. २० ऑगस्ट १९९९च्या रात्री घरात घुसलेल्या दोघांवर त्यानं विनापरवाना बंदूक चालवली. सोळा वर्षांचा फ्रेड बॅरस पाठीत गोळी लागून मेला. खुनाबद्दल जन्मठेप झाली. २००१ साली अपिलात ती सदोष मनुष्यवधावर उतरली आणि २००३ साली तो सुटला. निम्म्या देशाला तो वीर वाटला. मला त्यात शौर्य दिसत नाही. पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी होती. पण 'फोन केला तरी येणार कोण?' हा त्याचा प्रश्न गावोगावच्या शेतकऱ्यांनी उचलला, तो खोटा नव्हता.

आता उरतो तो गुन्हा, ज्याच्यासाठी कुणी पिवळं जाकीट घालून उभं राहत नाही. ग्रामीण गुन्ह्यांवर काम करणाऱ्या नॅशनल रूरल क्राइम नेटवर्कनं २०१९ साली घरगुती अत्याचारांवर अहवाल काढला. गावातली बाई हा त्रास शहरातल्या बाईपेक्षा सरासरी पंचवीस टक्के जास्त काळ सोसते, असं त्यात निघालं. कारणं विचारायला नकोत इतकी उघड आहेत. बस दिवसातून दोनदा. गाडीची किल्ली त्याच्याकडे. मोबाइलला रेंज नाही. डॉक्टर त्याच्याबरोबर क्रिकेट खेळतो, पॅरिश कौन्सिलवर त्याचा मित्र. इतर वेळी सगळं पाहणारं गाव इथे मात्र पडदा ओढून घेतं. 'चांगल्या घरचा माणूस आहे.' 'द कॉपर बीचेस' या १८९२च्या कथेत, म्हणजे ग्रेट वर्लीत पत्रं सुरू झाली त्याच साली, डॉयल यांच्या होम्सनं हिरव्या शेतांतली सुटी घरं पाहून हीच भीती बोलून दाखवली होती.

नवऱ्याच्या व्हिसावर पुण्या-नाशकाहून आलेल्या मुलीची अडचण यात दुहेरी असते. तिला वाटतं, तक्रार केली तर देशाबाहेर काढतील. सरसकट तसं नाही. नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याचा हक्क असेल, आणि जोडीदाराच्या व्हिसावर असताना अत्याचारामुळे संसार मोडला, तर ब्रिटनमध्ये स्वतःच्या हक्कानं कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. तो करेपर्यंत तीन महिन्यांची सवलत आणि सरकारी मदतही मागता येते. आणि बोलता येत नसेल, तो शेजारच्या खोलीत असेल, तर मोबाइलवरून ९९९ फिरवावं, सूचना ऐकू आली की ५५ दाबावं. कॉल पोलिसांकडे जातो. मात्र ५५ दाबल्यानं ठिकाण आपोआप कळत नाही, म्हणून फोन कानाशी धरून ठेवावा. समोरून हो-नाही अशा उत्तरांचे प्रश्न येतात, त्यांना खोकून किंवा बटण दाबून उत्तर दिलं तरी चालतं.